खांबावरच्या स्मॉल सेलला अनावृत पत्र

स्मॉल सेलभाऊ, राम राम.

सुरतेच्या नवागामातून लिहितोय. उधना-डिंडोलीच्या या पट्ट्यात खानदेशातून आलेल्यांची वस्ती दाट, त्यामुळे रामरामच बरा.

मोठा टॉवर गच्चीवर चढतो, भाडं घरमालक घेतो आणि भांडण सोसायटीत लागतं. तू मोबाइलचा छोटा अँटेना, तुला मात्र दिव्याचा खांब, सिग्नल, बसथांबा, काहीही चालतं. जवळच्या टप्प्यात काम करायचं आणि गर्दीत टॉवरवरचा भार उतरवायचा. इथे तुझी गरज आहे हे सांगायला तज्ज्ञ नको. लूमची पाळी सुटली की एका रूममधले पाच-सहा जण एकदमच फोन काढतात. कुणी शहाद्याला व्हिडिओ कॉल लावतो, कुणी रील बघतो, आणि खाली लारीवाला पैसे जमा झाल्याचा आवाज कधी येतो म्हणून ताटकळतो.

तुझ्या भाड्याचं मात्र हसू येतं. केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये मार्गाधिकाराच्या (राइट ऑफ वे) नियमांत दुरुस्ती केली, तेव्हा शहरात खांबामागे वर्षाला ३०० रुपये ठरले, खेड्यात १५०. अमेरिकेत तिथल्या दूरसंचार नियामकाने, एफसीसीने, २०१८ साली वर्षाला २७० डॉलर वाजवी मानले, तर तेही कमी म्हणून कित्येक शहरं कोर्टात गेली. (त्याच खांबाखाली उभं राहायला लारीवाल्याला काय पडतं, ते इथे लिहीत नाही.) तरी मी स्वस्ताईच्याच बाजूचा. खांब महाग झाला की कंपनी तुला आधी श्रीमंतांच्या वेसूला नेईल, नवागामची पाळी शेवटी.

पण स्वस्त म्हणजे बेवारस नव्हे. गल्लीतला एखादा जुना खांब डोळ्यांसमोर आण. वर केबलवाल्यांची वेटोळी, मध्ये मागच्या निवडणुकीच्या झेंड्याची काठी, बुंध्याला गंज, फ्यूजपेटीचं झाकण गायब म्हणून वर बांधलेली प्लास्टिकची पिशवी. तुला त्यावर चढवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला लागेल, असं त्याच दुरुस्तीत होतं. चांगलंच आहे. खासगी इमारतीवर मात्र तेव्हा परवानगीच नको होती, दाखला जोडून लेखी कळवलं की झालं. १ जानेवारी २०२५ पासून मार्गाधिकाराचे नवे नियम लागू झाले, पण खांब तेच आहेत. दाखला एकदाच मिळतो, पाऊस दरवर्षी येतो. अर्थिंग कोण तपासणार? उद्या कंपनीने तुला बंद केलं तर उतरवणार कोण?

लोक अर्थातच रेडिएशनचं विचारतील. उत्सर्जनाची मर्यादा आपण सप्टेंबर २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाच्या एक दशांशावर आणली, आणि तुझी ताकद टॉवरपुढे किरकोळ. मला लहरींपेक्षा ओल्या खांबात उतरणाऱ्या करंटची धास्ती जास्त. पोरं त्याच खांबाला धरून गोल फिरतात.

म्हणून पालिकेने तुला जागा द्यावी, लवकर द्यावी, पण पाटीसकट. परवानगीचा क्रमांक, कंपनीचं नाव, अर्थिंग शेवटचं कधी तपासलं ती तारीख. पाटी गुजरातीत असो, खाली मराठीत दोन ओळी आल्या तर उत्तम. आणि फोन नंबर असा हवा, की रात्रपाळीवरून येणाऱ्याने दोन वाजता लावला तरी पलीकडे माणूस बोलेल.