जगाच्या नकाशातले गोंडवन

गेल्या हिवाळ्यात वस्तीतल्या अभ्यासिकेची तेवीस मुले घेऊन आम्ही नागपूरहून चंद्रपूरला गेलो. एका मुलीने शाळेचा नकाशासंग्रह सोबत आणला होता. एस.टी.त तिचा एकच घोष. सात खंड, पाच महासागर! मग म्हणाली, "काका, यात आपली जागा कुठाय?" जगाच्या नकाशात नागपूर एक ठिपका, चंद्रपूर तेवढेही नाही.

आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून. भूगोल मॅट्रिकलाच सुटला. म्हणून निघण्यापूर्वी दोन संध्याकाळी वाचनालयात बसलो होतो, त्याचा उपयोग झाला. एकेकाळी दक्षिण अमेरिका, आफ्रिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया आणि आपला भारत ही एकच सलग भूमी होती. तिला शास्त्रज्ञांनी नाव दिले गोंडवन. 1885 साली एडुआर्ड स्यूस या ऑस्ट्रियन भूवैज्ञानिकाने ते जगापुढे मांडले. नाव आपल्या गोंडांच्या मुलखाचे! ज्यांना शहाणी माणसे रानटी म्हणत आली, त्यांचे नाव अर्ध्या जगाच्या भूमीला लागले. शाळेत हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

पुरावा काय? एक झाड. ग्लॉसोप्टेरिस, जिभेच्या आकाराच्या पानाचे. त्याचे ठसे कामठीच्या दगडांत सापडतात आणि अंटार्क्टिकाच्या बर्फातही. 1912 साली दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट व त्यांचे साथी गारठून मेले, पण सुमारे सोळा किलो दगड त्यांनी टाकून दिले नव्हते. त्यांत हेच पान होते. ही भूमी फुटली तेव्हा मध्ये हिंदी महासागर पसरला. भारत सरकत जाऊन आशियाला धडकला, हिमालय उचलला गेला. अजूनही तो वर्षाला काही सेंटिमीटर सरकतोच आहे.

जटपुरा दरवाजातून गोंडराजांचे शहर पाहिले आणि दुपारी कोळशाच्या एका उघड्या खाणीच्या काठावर गेलो. पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे ते जंगल खाली काळे होऊन पडलेले. मुले "बाप रे" म्हणत वाकून पाहत होती. तिथे शेळ्या राखणारे एक वृद्ध भेटले. जयभीम झाला.

"थो खड्डा दिसते ना, तिथंच आमचं गाव होतं," ते म्हणाले.

"पैसे मिळाले का, आजोबा?" मुलीने विचारले.

"वावराचे भेटले, विहिरीचे भेटले. मसनवट्याचे कोन देते? माय-बाप तिथंच मातीत होते."

मुले गप्प झाली. मुलीने नकाशासंग्रह उघडून गावाचे नाव विचारले. आजोबांनी दोनदा सांगितले. तिने पेन्सिलीने लिहिले, पण कुठे लिहावे हे कळेना म्हणून समासात लिहिले. आजोबांनी आम्हाला नव्या वसाहतीत चहाला नेले. तेवीस मुलांना पुरेसे कप नव्हते, ते शेजारून आणले. संध्याकाळची गाडी चुकली ती त्यामुळेच.