येरवडा, एरवाडी आणि आपण

पुण्यात कुणी जरा विचित्र वागलं, की शेजारचा पटकन म्हणतो, "याला येरवड्याला पाठवा रे!" मुंबईकर हेच ठाण्याच्या नावाने म्हणतात. गंमत म्हणजे त्याच येरवड्यात आता आयटी पार्क आहेत आणि आपल्यातले कित्येकजण रोज स्वखुशीने तिकडे जातात :-)

विनोद बाजूला ठेवू. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी, ही राज्यातली चारही जुनी मनोरुग्णालयं इंग्रजांच्या काळातली. तेव्हा त्यांना असायलम म्हणत, आणि आपल्याकडे सरळ 'वेड्यांचं इस्पितळ'. १९१२ च्या 'इंडियन ल्युनसी ॲक्ट'मध्ये माणसाला 'ल्युनॅटिक' हाच शब्द होता. रस्त्यावर भटकणाऱ्याला पोलिसांनी पकडायचं, मॅजिस्ट्रेटने हुकूम काढायचा आणि आत पाठवायचं. सगळा भर माणूस बरा करण्यापेक्षा ताब्यात ठेवण्यावर. १९२० च्या सुमारास असायलमच्या पाट्या बदलून हॉस्पिटल झाल्या खऱ्या, पण पाटी बदलून काय होणार?

आता त्या काळच्या डॉक्टरांना नुसती नावं ठेवणंही बरोबर नाही. त्यांच्या हातात औषध असं फारसं नव्हतंच. मेंदूतले धागे कापायच्या शस्त्रक्रियेसाठी एगास मोनिझला १९४९ साली चक्क नोबेल मिळालं! त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केडने लिथियमचा उपयोग दाखवून दिला. मग १९५२ मध्ये पॅरिसला क्लोरप्रोमझिन आलं, आणि वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेली माणसं घरी जाऊ शकतील अशी शक्यता पहिल्यांदाच दिसू लागली.

आपल्याकडे कायदा मात्र १९१२ चाच. नवा कायदा १९८७ ला मंजूर झाला आणि लागू व्हायला १९९३ उजाडलं. म्हणजे ८१ वर्षं एकच लेगसी सिस्टिम, तीही माणसांवर चालवलेली.

आणि मग एरवाडी. नाव येरवड्यासारखंच, पण हे तमिळनाडूतलं दर्ग्याचं गाव. दर्ग्यात बरं वाटेल या आशेने लोक घरच्या रुग्णांना तिथे आणत आणि आसपासच्या खासगी 'होम'मध्ये ठेवत. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे अशाच एका झापांच्या शेडला आग लागली. आतली माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. २८ जण गेले. पळता येत असूनही पळता आलं नाही.

त्यांना तिथे सोडणारे सगळे काही दुष्ट नव्हते हो. गावाजवळ डॉक्टर नाही, शेजारी कुजबुजतात, घरात बहिणीचं लग्न व्हायचंय... अशा वेळी माणूस दूर नेऊन ठेवणं हाच उपाय वाटतो. आजही मनोरुग्णालयांत असे लोक आहेत, जे बरे झालेत पण ज्यांना न्यायला कुणी येत नाही. त्यांच्यासाठी दार आतून नाही, बाहेरून बंद आहे.

२०१७ चा कायदा (लागू २०१८ पासून) खरोखर चांगला आहे. साखळीने बांधायला बंदी. भूल न देता शॉक द्यायला बंदी. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवायचा हक्क. आणि आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं, असा विमा कंपन्यांना आदेश. कंपनीने दिलेली पॉलिसी एकदा उघडून बघा.

पण ऑफिसात 'व्हायरल आहे' म्हणून बिनधास्त सुट्टी मागणारे आपण, 'डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत' हे मॅनेजरला सांगू का? बहुतेक नाहीच. ही भीती कुठल्या कायद्याने जाणार नाही. ती आपल्याच बोलण्यातून आलेली आहे, 'येरवड्याला पाठवा' त्यातलंच.

सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. स्वतःसाठी नाही, तर शेजारच्या क्युबिकलमधल्यासाठी.