एकच कल्पना, बाकी सगळं खरं

मराठी शिकवण्यात माझी बत्तीस वर्षे गेली. निबंधाच्या प्रश्नात एक कल्पनाप्रधान निबंध ठरलेला असायचा. 'सूर्य उगवला नाही तर', 'परीक्षा नसत्या तर', 'पाऊस पडला नाही तर'... तुम्हीही लिहिले असतील! पहिल्या परिच्छेदात मजा, दुसऱ्यात हाहाकार आणि शेवटी 'म्हणून सूर्य हवाच'. साठ वह्या तपासाव्यात आणि साठींत एकच निबंध. नाव कल्पनाप्रधान, आणि कल्पनेचाच पत्ता नाही!

मुलांना काही सुचत नाही, असं मात्र मला कधी वाटलं नाही. मधल्या सुट्टीत चिंचेखाली बसून हीच मुलं भुताच्या अशा गोष्टी सांगत, की ऐकणारा एकटा घरी जायला धजायचा नाही. हातात पेन आलं, की सगळं आटायचं. असं का व्हावं?

याचं उत्तर मला माण तालुक्यातल्या नववीच्या एका मुलीने दिलं. दुष्काळी भाग आणि विषय 'पाऊस पडला नाही तर'. बाकीच्यांनी धरित्री, बळीराजा, चातक या सगळ्यांना कामाला लावलं होतं. हिने लिहिलं, की माझ्या आजीला पत्र्यावर पाऊस वाजला तरच गाढ झोप लागते. पाऊस कधीच आला नाही, तर आजी झोपणार कशी? मग घरातल्यांनी पाळ्या लावल्या. रोज रात्री एकाने शिडीवर चढून पत्र्यावर मूठमूठ ज्वारी टाकायची. सकाळी ती अंगणातून वेचायची आणि दळायची. पण पाऊसच नाही म्हटल्यावर एक दिवस ज्वारी संपली. मग खडे टाकून पाहिले. आजीने खड्यांचा आवाज ओळखला.

निबंध एवढाच, जेमतेम दीड पान. मी तो स्टाफरूममध्ये वाचून दाखवला. गणिताचे सर म्हणाले, "बाई, चांगलाय, पण यात पावसाचं महत्त्व कुठं आलंय?" दहावी झाली आणि वैशाखात त्या मुलीचं लग्न झालं. तिची वही अजून माझ्याकडे आहे.

त्या वहीने मला शिकवलं ते असं. कल्पना एकच करायची, पाऊस येणारच नाही एवढीच. त्यानंतरचं सगळं, म्हणजे पत्रा, शिडी, आजीची झोप, घरातली ज्वारी, हे खरं असलं पाहिजे. मुलं अडतात ती इथे. कल्पना म्हटली, की त्यांना सगळंच हवेतलं वाटतं आणि हवेतलं लिहायला शब्द उसने आणावे लागतात.

हीच शिस्त मला चांगल्या विज्ञानकथांत दिसली. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' ही गोष्ट पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मंगलाबाईंनी ती स्वतःच्या हाताने उतरवून काढली. तिला पहिलं बक्षीस मिळालं, ते नावाला नव्हे, गोष्टीला! कृष्णविवराजवळ काळ संथ चालतो, हे शास्त्र. तिथवर माणूस पोचला तर, ही कल्पना. त्यापुढे मात्र लेखकाला मनाला येईल तसं वागता येत नाही, हिशोब पाळावा लागतो. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले, तेव्हा ही गोष्ट मला पुन्हा आठवली.

आमचे हे जाऊन चार वर्षे झाली. त्यावर काही लिहावं असं फार वाटे. पण लिहायला बसलं, की 'पोकळी', 'विरह', 'सांजवेळ' असलेच शब्द येऊन बसत. शेवटी मी स्वतःला एकच 'तर' दिला. हे गेलेच नसतील तर? शेवटची एस.टी. चुकली म्हणून पायी निघाले असतील तर? रात्री साडेअकराला कडी वाजते...

आणि मग अडचणी सुरू झाल्या! वरण पुन्हा गरम करायचं. त्यांच्या चष्म्याची डबी मी देऊन टाकली, ते कसं सांगायचं? खुंटीवर आता माझी पिशवी असते, ती काढायची. 'पोकळी' या शब्दाने जे कधी झालं नाही, ते त्या खुंटीने झालं. रडू आलं. पण हात थांबला नाही.

"बाई, कल्पना खूप आहेत हो, पण लिहिता येत नाही," असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी एवढंच सांगते, की तुमचा एक 'तर' घ्या आणि लगेच घरात शिरा. आता चूल कोण पेटवणार? किल्ली कुणाकडे आहे? शेवट आधी ठरवू नका.

माझी आठ पानं झाली आहेत. हे हातपाय धुऊन पाटावर बसले आहेत. आता वरणात मीठ कमी आहे म्हणणार, हे मला पक्कं ठाऊक आहे.