गाडी न्यावी की ठेवावी?

आमच्या धाकट्या भावाला हैदराबादला काम लागले. भांडी, कपडे, मुलांची पुस्तके बांधून झाली. प्रश्न उरला एमएच २१ नंबरच्या मोटारसायकलचा.

१९५६ पर्यंत जालना हैदराबाद राज्यातच होते. आता ते परराज्य. परराज्यात गाडी १२ महिन्यांहून अधिक ठेवायची, तर कायद्याप्रमाणे तिथला नंबर घ्यावा लागतो. त्याआधी जालन्याच्या आरटीओतून ना-हरकत दाखला काढायचा. तिथला कर भरायचा. इथल्या उरलेल्या कराच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज करायचा. रेल्वेने पाठवायची, तर टाकी रिकामी करून, गाडी गोणपाटात बांधून पार्सल कचेरीत द्यायची.

हे सगळे करायला भाऊ तयार होता. पण आई म्हणाली, "शेवटची एसटी गेल्यावर रात्री अंबडच्या दवाखान्यात कशावर न्यायचं रे?" आम्ही गप्प झालो. गेल्या पावसाळ्यात वडिलांना याच गाडीवर नेले होते.

भावाने किल्ली आईच्या हातात ठेवली. जालना स्टेशनवर आम्ही त्याला सिकंदराबादच्या गाडीत बसवून आलो. तिथे वर्षभर टिकलो, तर तिथल्याच नंबरची जुनी गाडी घेईन, म्हणाला.

परराज्यात निघालेल्या आपल्या बंधुभगिनींना एवढेच सांगणे : कागद, कर, भाडे यांचा हिशेब जरूर करा. पण मुक्काम किती दिवसांचा आणि घरी मागे कोण राहणार, हे आधी विचारा.