गुप्त मंडळाची वही

चार-पाच जण मेजाभोवती बसतात. एकजण सूत्रधार होऊन कथा पुढे नेतो, बाकीचे तिच्यातील पात्रे होऊन बोलतात आणि अडल्या प्रसंगी फासे निकाल देतात. ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात तो हा खेळ. त्यातील भयकथेचा प्रकार सँडी पीटरसन यांच्या ‘कॉल ऑफ कथुलू’ या १९८१ सालच्या अमेरिकन खेळामुळे विशेष लोकप्रिय झाला. त्यातील पात्रे शस्त्रांपेक्षा जुने कागद अधिक हाताळतात आणि त्या कागदांमागे बहुधा एखादे गुप्त मंडळ दडलेले असते.

ते मंडळ रचण्याचे काम सूत्रधाराचे. नवखा सूत्रधार काळे झगे, मेणबत्त्या आणि सर्वज्ञ प्रमुख यांपासून आरंभ करतो. जाणता सूत्रधार पेढी मांडावी तसे मंडळ मांडतो. पैसा कोठून येतो? हिशेब कोण ठेवतो? कोणाला किती ठाऊक आहे? कोणत्या गरजेपोटी कोण गप्प राहतो? खेळणाऱ्यांच्या अंगावर काटा आणतो तो प्रमुख नव्हे. दरमहा एका पत्त्यावर रक्कम पाठवणारा आणि ‘कशासाठी?’ असे एकदाही न विचारणारा सज्जन मुनीम.

इतिहासही हेच सांगतो. बव्हेरियातील इंगोलस्टाट येथे १ मे १७७६ रोजी अ‍ॅडम वाइसहाउप्ट यांनी ‘इल्युमिनाटी’ हे गुप्त मंडळ स्थापले. सभासदांना प्राचीन नावे दिली. स्वतः ‘स्पार्टाकस’ झाले. आपसांतील मानापमान आणि शासनाची बंदी यांमुळे दहा-बारा वर्षांत ते मोडले. अफवा मात्र अद्याप जिवंत आहे.

अफवेचे मोल किती भयंकर असते, हे दुसऱ्या एका कागदाने दाखवले. १९०३ साली रशियात ‘प्रोटोकॉल्स’ या नावाने ज्यू समाजाचा जागतिक कट म्हणून एक मजकूर छापला गेला. तो बनावट होता. त्यातील बराच भाग मोरिस जोली यांनी १८६४ साली तिसऱ्या नेपोलियनवर लिहिलेल्या उपहासातून उचललेला आहे, हे १९२१ साली लंडनच्या ‘टाइम्स’ने उघड केले. मूळ पुस्तकात ज्यूंच्या कटाचा मागमूसही नव्हता. केवळ पात्रे बदलली होती. तरीही नाझींनी तो प्रचारासाठी वापरला.

‘हे सगळे आतून एकच’ ही कुजबुज व्यापारी घरांना अपरिचित नाही. खेळाच्या वहीत खलनायकाला एखाद्या खऱ्या समाजाचे आडनाव देणे फार सोपे असते. मग पुढचे काही रचावेच लागत नाही, ऐकणाऱ्याचा पूर्वग्रहच उरलेली कथा पुरी करतो. म्हणून जाणता सूत्रधार येथे थांबतो. मुनिमाच्या नावापुढचे आडनाव खोडून त्या जागी तो लिहितो : मुलाच्या आजारपणाचे कर्ज, अजून अर्धे फिटायचे आहे.