फरक एका दिवसाचा

बार्शीच्या एका आडत दुकानात मार्चअखेरीस हिशेब मिळवण्याचे काम चाले, तेव्हा मुनीमजी रात्री उशिरापर्यंत गादीवरून उठत नसत. ताळेबंद जुळला नाही, तर फरकाच्या रकमेला ते प्रथम नऊने भागून पाहत. भाग निःशेष गेला की आकड्यांची अदलाबदल झाली असावी, ४५ च्या जागी ५४ लिहिले गेले असावेत, असा त्यांचा कयास असे आणि बहुधा तो खरा ठरे. फरक एका रुपयाचा असला, तरी तो पदरचा घालून मिटवू देत नसत. एक हजाराची आणि दुसरी नऊशे नव्याण्णवांची, अशा दोन चुका एकमेकींना झाकून बसल्या तरी वर एकच रुपया दिसतो, हे त्यांना ठाऊक होते.

दुकानमालकाची थोरली मुलगी शाळेतून आली की गादीच्या कडेला बसून हे पाहत असे. पुढे तिने पुण्यात बी.कॉम. केले. तिने सी.ए. व्हावे ही घरची इच्छा. परंतु मधल्या परीक्षेत ती दोनदा अडली. त्याच सुमारास बँकांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका लहान कंपनीत तिला नोकरी मिळाली. काम होते इतरांनी लिहिलेले प्रोग्राम तपासण्याचे. घरात फारसा आनंद झाला नाही. ‘करणारे वेगळे, ही नुसत्या चुका काढणार,’ असे काका म्हणाले. स्थळे पाहताना बायोडेटात ‘टेस्टर’ हा शब्द गाळून ‘सॉफ्टवेअरमध्ये नोकरी’ एवढेच लिहिले गेले.

हा गैरसमज केवळ बार्शीचा नव्हे. संगणकाच्या क्षेत्रातही तो जुना आहे. वास्तविक, अमेरिकेच्या ‘मर्क्युरी’ या अंतराळ प्रकल्पासाठी आयबीएममध्ये जेराल्ड वाइनबर्ग यांनी १९५८ साली तपासनिसांचा स्वतंत्र गट उभा केला होता. १९७९ साली ग्लेनफर्ड मायर्स यांनी या विषयावरील आपल्या पुस्तकात सरळ सांगितले, की प्रोग्राम चालतो हे दाखवण्यासाठी नव्हे, तर त्यातील चूक सापडावी म्हणून तो तपासायचा. बँकेतील अंतर्गत तपासनिसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. सगळे बरोबर आहे असे गृहीत धरून खातेवही उघडणाऱ्याला सगळे बरोबरच दिसते.

तिला नोकरीची पहिली दोन वर्षे जड गेली. सांगितलेल्या पायऱ्या गिरवायच्या आणि ‘उत्तीर्ण’ अशी खूण करायची, एवढ्यातच दिवस संपे. मग तिने एसक्यूएल शिकून माहितीसाठ्यात स्वतः डोकावायला सुरुवात केली. रात्रीच्या वर्गात जावा आणि सेलेनियम शिकून रोजची घोटीव तपासणी तिने यंत्राकडे सोपवली. आयएसटीक्यूबीची पायाभूत परीक्षा दिली; चाळीस प्रश्न, एक तास. प्रमाणपत्राचा उपयोग अर्ज निवडून येण्यापुरता झाला. खरे भांडवल बी.कॉम.चे आणि गादीच्या कडेचे होते. कर्ज, व्याज, जमा, नावे यांचा अर्थ तिला उपजत कळे. सोबतच्या अभियंत्यांना तो विचारावा लागे.

त्या भांडवलाचा कस एका संध्याकाळी लागला. गृहकर्जाचे नवे सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी बँकेकडे जायचे होते. तिने सहज दहा लाखांचे, नऊ टक्क्यांचे एक कर्ज महिन्याच्या अखेरच्या तारखेस फेडून पाहिले आणि रक्कम २४६ रुपये ५८ पैशांनी जास्त आली. वर्षाचे ३६५ दिवस धरले, तर हे बरोबर एका दिवसाचे व्याज! महिनाअखेरीच्या व्याजात तो दिवस धरला जात होता आणि खाते मिटवतानाही पुन्हा धरला जात होता.

‘शेवटच्या तारखेलाच कर्ज फेडणारे असे कितीसे असतील?’ प्रमुखांनी विचारले.

‘सर, पगार त्याच दिवशी होतो.’

सॉफ्टवेअर अडवून धरण्याचा अधिकार तिला नव्हता. तो तपासनिसाला क्वचितच असतो आणि कदाचित असूही नये. काय केले, काय अपेक्षित होते, काय घडले, हे तिने तारखांसह लिहून दिले. उद्या जाऊ द्यायचे असेल, तर ही चूक ज्ञात असल्याचे बँकेला कळवावे, अशी एक ओळ खाली जोडली. ती ओळ वाचून सॉफ्टवेअर चार दिवस थांबले. ते चार दिवस कोणी तिच्याशी धड बोलले नाही. वार्षिक मूल्यमापनात या गोष्टीचा उल्लेखही आला नाही, कारण जे घडलेच नाही त्याची नोंद कोठे करणार?

लिहून ठेवलेली चूक दडपली गेली म्हणजे काय होते, ते ब्रिटनने पाहिले आहे. तेथील टपाल खात्यात १९९९ पासून आलेल्या ‘होरायझन’ या संगणक प्रणालीने छोट्या टपाल कार्यालयांच्या हिशेबात नसलेल्या तुटी दाखवल्या. दुकानासोबत टपालाचे काम सांभाळणारी साधी माणसे, त्यांत भारतीय वंशाचेही अनेक, चोर ठरली. ९०० हून अधिक जणांना शिक्षा झाल्या. कित्येकांनी तूट पदरचे पैसे घालून भरून दिली. प्रणालीतच दोष आहेत, हे उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये मान्य केले, तोवर काहींचे आयुष्य सरले होते. बार्शीच्या वडिलांनी लेकीकडून ही हकीकत ऐकली, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग एवढेच म्हणाले, ‘आपल्या मुनीमजींनी भरू दिले नसते.’

तिच्यावर रागावलेला प्रोग्रामर पुढे काम पुरे होण्याआधीच तिला दाखवायला येऊ लागला. आज तिच्या हाताखाली अकरा जण आहेत आणि बायोडेटाची गरज केव्हाच संपली आहे.

गेल्या उन्हाळ्यात बी.कॉम. झालेला चुलतभाऊ ‘ताई, मला जमेल का?’ म्हणून आला, तेव्हा तिने उपदेश केला नाही. दुकानातल्या बिलाच्या सॉफ्टवेअरसमोर त्याला बसवले आणि वही दिली. ३१ जूनची तारीख, उणे वजन, शून्य भाव, एकाच पट्टीचे दोनदा बिल, असे काहीबाही तो घालत राहिला. जेवणाच्या वेळेपर्यंत त्याने तीन चुका टिपल्या होत्या. तिसरी वाचून वडिलांनी ताट बाजूला सारले आणि सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला.