गजरा आधी बघा

पाकीट उघडलं आणि काकूंचा चेहरा उतरला.

गोष्ट १९९३ सालची. चेन्नई तेव्हा अजून मद्रासच होतं. नाव बदललं ते १९९६ साली. काकांची बँकेतली बदली होऊन तीन वर्षं झाली होती. बिऱ्हाड टी. नगरमध्ये, पानगल पार्कपासून चालत पाच मिनिटांवर. थोरलीचं बी.कॉम. नुकतंच झालेलं, आणि पुण्याहून मामांचं पत्र आलेलं. ‘चार चांगली स्थळं हाताशी आहेत. पत्रिकेबरोबर एक चांगला रंगीत फोटो ताबडतोब पाठवा.’

फोटोमागच्या ‘चांगला’ या शब्दाखाली मामांनी रेघ मारली होती. त्या रेघेचा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता. थोरली नाकीडोळी नीटस, बोलायला हुशार, पण सावळी. आदल्या वर्षी मामांकडेच तिला बघायला एक स्थळ आलं होतं. फोटो पसंत पडला म्हणून आलं होतं. पोहे झाले, चहा झाला, आणि उठता उठता मुलाची आत्या म्हणाली, “फोटोत उजळ वाटली होती.” परतीच्या गाडीत थोरली खिडकीबाहेर बघत बसली होती. मद्रास येईपर्यंत ती कुणाशी धड बोललीही नव्हती.

या वेळी काकूंनी कसलीच कसर ठेवली नाही. टी. नगरमध्ये राहणाऱ्याला रेशमी साडीचा काय तोटा? पानगल पार्कच्या आजूबाजूला रेशमाची दुकानंच दुकानं. नल्लींचं तर १९२८ सालापासूनचं. मोठी डाळिंबी रंगाची कांजीवरम आली. फुलवालीकडून दोन मुळम मोगरा आला. तिकडे गजरा मुळमाने विकतात, मुळम म्हणजे हातभर. शेजाऱ्यांचा ऑटोमॅटिक कॅमेरा मागून आणला, आणि रविवारी सकाळी काकांनी अख्खा रोल संपवला. काही फोटो गच्चीवर, नव्याने चुना दिलेल्या पांढऱ्याशुभ्र भिंतीपुढे. काही तिथेच, पण जवळून, साडीचा पदर छान पसरून. आणि काही पानगल पार्कात, गर्द झाडीपुढे.

रोल धुवायला दिला पाँडी बाजारातल्या एका कलर लॅबमध्ये. संध्याकाळी पाकीट हातात आलं, आणि त्यातून एकाच मुलीचे तीन रंग बाहेर पडले.

भिंतीपुढच्या फोटोत थोरली होती त्यापेक्षा दोन छटा काळी, आणि भिंतही पांढरी नव्हे, मळकट राखाडी. पदर पसरलेल्या फोटोत चेहऱ्यावर हिरवट-निळी झाक, जणू पोर काविळीतून उठलेली. आणि पार्कातल्या फोटोत? पार्कातल्या फोटोत थोरली चक्क गोरी. गोरी आणि गुलाबी!

काकूंनी पहिले दोन गठ्ठे बाजूला सारले आणि तिसऱ्यातला एक फोटो उचलून म्हटलं, “हाच. याच्याच सहा कॉप्या काढू.”

थोरली काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी काकू लॅबकडे निघाल्या तेव्हा ती चपला घालून बरोबर निघाली.

लॅबमधले गृहस्थ पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेला. काकूंनी तोडक्यामोडक्या तमिळमध्ये आधी तक्रार केली. “सार, तुमचं मशीन बिघडलंय. माझ्या मुलीला एकदा काळी करतं, एकदा आजारी करतं.”

“मशीन बिघडलेलं नाही अम्मा,” गृहस्थ म्हणाले, “ते फक्त कुणाला ओळखत नाही.”

मग त्यांनी जे समजावून सांगितलं, ते तुमच्या-आमच्या अल्बममधल्या कितीतरी फसलेल्या फोटोंना लागू आहे.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. पांढरं ते काळं, तांबडं ते निळसर-हिरवं. त्यातून प्रकाश पाठवून कागदावर फोटो छापायचा, तर किती प्रकाश द्यायचा आणि त्यात तांबडा, हिरवा, निळा किती किती, हे प्रत्येक वेळी ठरवावं लागतं. सुरुवातीला हे जाणत्या माणसाच्या डोळ्यांचं काम होतं. पण रंगीत फिल्म घरोघरी पोचल्यावर इतके डोळे आणायचे कुठून? कोडॅक कंपनीतल्या राल्फ इव्हान्स यांनी त्यावर एक साधी तोड काढली. पेटंटसाठी अर्ज केला १९४६ साली, ते मिळालं १९५१ साली. त्यांचं म्हणणं असं: कुठल्याही सर्वसाधारण दृश्यातले सगळे रंग, म्हणजे आकाश, माती, झाडं, माणसं, कपडे, एका भांड्यात घालून कालवले तर जे मिश्रण होईल ते साधारण राखाडीच असेल. मग यंत्राने एवढंच करायचं. निगेटिव्हमधून येणारा सगळा प्रकाश एकत्र मोजायचा आणि छापलेल्या फोटोची सरासरी राखाडी येईल, इतका प्रत्येक रंग द्यायचा. घराघरांतले वाढदिवस, सहली, बारशी या एका गृहीतकावर छापली गेली. आणि बहुतेक वेळा ठीक छापली गेली, कारण बहुतेक फोटोंत सगळं थोडं थोडं असतंच.

पण ज्या फोटोत एकच रंग भरून राहिलाय, तिथे यंत्र फसतं.

गृहस्थांनी भिंतीपुढची निगेटिव्ह दिव्यावर धरली. “ही भिंत बघा, निगेटिव्हमध्ये काळीकुट्ट. मशीनला वाटतं, फिल्मवर प्रकाश जास्त पडलाय, म्हणून ते कागदाला जास्त वेळ प्रकाश देतं. कागदाला जितका प्रकाश जास्त, तितका फोटो काळा. ते भिंतीला राखाडी करायला गेलं, मुलगी फुकट काळी झाली.”

पदराच्या फोटोत डाळिंबी रंग काठोकाठ. यंत्राने ठरवलं, तांबडं फार झालं, कमी करा. तांबड्याला उतारा निळसर-हिरव्याचा. साडीतला थोडा तांबडा गेला तर कुणाच्या लक्षातही येत नाही; पण तो चेहऱ्यातूनही गेला, आणि तिथे मात्र लगेच दिसला.

“आणि हा?” काकूंनी पार्कातला फोटो पुढे केला. “हा तर छान आलाय.”

गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले. गिऱ्हाईक खूष असताना चूक दाखवायची कशाला, असा विचार त्यांच्या मनात आला असेलही. मग म्हणाले, “अम्मा, हाही चुकलाय. झाडी हिरवी, म्हणून मशीनने हिरव्याचा उतारा घातला, तो गुलाबी. झाडी गडद, म्हणून प्रकाश कमी दिला, चेहरा उजळला. चूक तीच. फक्त या वेळी तुम्हाला आवडणारी झाली.”

“कशावरून?” काकूंचा आवाज जरा चढला.

“चेहऱ्याकडे बघू नका. चेहऱ्याबद्दल प्रत्येकाच्या मनात काहीतरी असतं. गजऱ्याकडे बघा. मोगरा कुठल्या रंगाचा असतो?”

तिघांनी तिन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. पहिल्यात मोगरा राखाडी. दुसऱ्यात हिरवट. तिसऱ्यात गुलाबी, जणू मोगरा नव्हेच, कसली तरी निराळीच फुलं.

थोरलीने तेवढ्यात पहिल्यांदा तोंड उघडलं. “गजरा पांढरा येईल असा छापून द्या.”

काकू मराठीत पुटपुटल्या, “अगं, पण हा आपोआपच असा आलाय. आपण कुठे काही केलंय?”

“आई, मागच्या वेळचाही आपोआपच आला होता.”

काकूंना उत्तर सुचलं नाही. आत्याबाईंचं ते वाक्य त्यांच्याही कानात होतंच. फरक एवढाच, की त्यावर काकूंनी काढलेला उपाय होता आणखी उजळ फोटो, आणि थोरलीने काढलेला उपाय होता खरा फोटो.

गृहस्थांनी त्याच रोलमधला एक फोटो शोधून काढला. गच्चीवर काका, काकू, धाकटा आणि थोरली असे चौघं उभे. मागे आभाळ, घरांची कौलं, वाळत घातलेले रंगीबेरंगी कपडे. सगळं थोडं थोडं असलेला, यंत्राच्या मनासारखा फोटो. तो ठीक आला होता. त्याच उन्हात काढलेल्या भिंतीपुढच्या आणि पदराच्या फोटोंना त्यांनी त्याच फोटोचं माप लावलं, यंत्राला स्वतःचं डोकं चालवू दिलं नाही. पार्कातल्या सावलीसाठी मात्र बटणं एकेक पायरी दाबत, दोनदा छापून, फुकट गेलेला कागद टोपलीत टाकत त्यांना गजऱ्यापर्यंत पोचावं लागलं.

शेवटी जी थोरली कागदावर आली, ती सावळीच होती. पण पहिल्या फोटोसारखी काळवंडलेली नव्हे. कपाळावर ऊन, गालावर चमक, डाळिंबी रंग अंगावर खुललेला. काकू बराच वेळ बघत राहिल्या. एवढ्या दिवसांत सावळ्या रंगाचा नीट छापलेला फोटो त्यांनी बहुधा पाहिलाच नव्हता.

यात त्यांची एकटीची चूक नव्हती. लॅबवाल्यांना यंत्र जुळवायला कंपनीकडून एक नमुन्याचा फोटो येत असे. त्यातल्या बाईच्या कांतीवरून रंग बरोबर आला की नाही ते ठरायचं. कोडॅकच्या या नमुन्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत, आणि त्यावरची बाई वर्षानुवर्षं गोरीच असायची. कॅनडातल्या अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी २००९ साली यावर सविस्तर लिहिलं. गोऱ्या, काळ्या आणि आशियाई अशा तीन स्त्रिया एकत्र असलेलं कार्ड यायला १९९० च्या दशकाचा मध्य उजाडावा लागला. म्हणजे टी. नगरमध्ये काकू पाकीट उघडत होत्या तेव्हा, ‘बरोबर रंग’ कुठला, हे ठरवणाऱ्या चेहऱ्यांत थोरलीसारखा चेहरा अजून आलेलाच नव्हता.

गजरा पांढरा असलेला फोटो पुण्याला गेला. पहिल्या स्थळाकडून तो ‘पत्रिका जुळत नाही’ या चिठ्ठीसह परत आला. दुसऱ्याकडून नुसताच परत आला. काकूंनी थोरलीला एका शब्दाने बोल लावला नाही, पण तो गुलाबी फोटो त्यांनी कपाटात साड्यांच्या घडीखाली जपून ठेवला होता, हेही खरं. तिसरं स्थळ मामांकडे बघायला आलं. थोरली पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. मुलाच्या आईने तिच्याकडे पाहिलं, पर्समधला फोटो काढून पुन्हा एकदा पाहिला आणि सहज म्हणाली, “फोटोतल्यासारखीच आहे की.”

बस्, एवढंच. पुढची बोलणी नेहमीसारखी झाली.

त्या लॅबमधलं यंत्र आता नाही. १९९६ साली फुजीचं ‘फ्रंटियर’ आलं, फोटो आधी अंकांमध्ये वाचून मग छापले जाऊ लागले, आणि पुढे तर रोल धुवायला टाकणंच संपलं. पण ‘सगळ्यांची सरासरी म्हणजे खरं’ हे गृहीतक काही पुरतं निवृत्त झालेलं नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यालाही रंग आपोआप ठरवावे लागतात, आणि एकाच रंगाने भरलेल्या चौकटीत तोही गडबडतो. वर आता चेहरा उजळ करण्याची सोय वेगळीच; कितीतरी वेळा न मागता आलेली.

थोरलीची मुलगी आता नोकरीला लागली आहे. परवा तिने लग्नाच्या माहितीपत्रकासाठी मोबाइलवर काढलेले फोटो आजीला आणि आईला दाखवले. एक फोटो फारच देखणा होता. थोरली काही बोलायच्या आतच काकूंनी चष्मा कपाळावर चढवला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि नातीला विचारलं, “गजरा का गं गुलाबी दिसतोय?”